दोन दोर, एक खुंटा

बोईसरच्या एका रसायन कारखान्यात १९९२ साली कपाटाएवढा संगणक आला. टाक्यांमधली उष्णता किती चढली यावर तो रात्रंदिवस नजर ठेवी, म्हणून त्याची वीज क्षणभरही जाऊन चालत नसे. कपाटातून दोन वायरी निघत. एक सरकारी विजेच्या बोर्डात, दुसरी बॅटऱ्यांच्या बोर्डात. एक लाइन गेली, तर दुसरीने सगळा भार उचलायचा.

हे काम हंगामी वायरमन पुंजारामने केलं होतं. खंडेनवमीला, कारखाना बंद असताना, कारखान्याचे इंजिनीअर राऊतसाहेब एक लाइन तोडून पाहणार होते. संगणक चालू राहिला तर पुंजाराम कायम होणार होता. त्याने नगरकडे बायकोला, मैनाबाईला, सामान बांधायला कळवूनही टाकलं होतं.

त्या सकाळी झाडलोट करणारी रंभाबाई किनाऱ्यावरच्या मुरबे गावाहून झेंडूचे हार घेऊन आली. कपाटाला हार चढला. पुंजारामला वाटलं, पूजेला रंगीत दिव्यांची माळही हवी. पण दोन्ही बोर्डांवर पिन लावायला एकेकच जागा. मग त्याने बॅटऱ्यांच्या बोर्डातली वायर काढली, सरकारी बोर्डात मल्टिप्लग बसवला, दोन्ही वायरी त्यातच खोचल्या आणि रिकाम्या जागेत माळ लावली. कपाटावर दर वायरीचा एक असे दोन हिरवे दिवे होते, ते दोन्ही पेटलेले होते. त्याचं समाधान झालं.

रंभाबाईच्या घरची होडी होती. नवरा होडी बांधून आला की दोर कोणत्या खुंट्यांना बांधलेत ते ती स्वतः चाचपून बघे. इथेही तिने दोन्ही वायरींवरून बोर्डापर्यंत हात फिरवला.

"पुंजाभाऊ, दोर दोन हायत, पण खुंटा एकच हाय."

"मावशी, हा संगणक आहे. याला भरती येत नाही."

"बरं," म्हणून ती प्रसादाचं खोबरं चिरायला बसली.

आरती झाली. साहेबांनी सरकारी लाइनचा खटका बंद केला. संगणक गप्प झाला, हिरवे दिवे विझले. कपाटावरची माळ तेवढी लाल, पिवळी, निळी होत नाचत राहिली.

साहेबांनी माळेकडे बोट केलं. "पुंजाराम, बॅटऱ्यांची लाइन उत्तम चालू आहे, याची खात्री पटली."

पुंजारामने आधी उंदरांचं नाव घेतलं. रंभाबाईने खोबरं चिरता चिरता नुसतं वर पाहिलं, तेव्हा त्याने सगळं खरं सांगितलं, खुंट्याचंसुद्धा. साहेब त्याच्यावर रागावले नाहीत. खटका चालू करून, वायर जागेवर लावायला सांगून त्यांनी रंभाबाईला बोलावलं. तिने पुन्हा हात फिरवला आणि मान डोलावली, तेव्हाच त्यांनी खटका पुन्हा बंद केला.

संगणक चालूच राहिला. मग ती लाइन जोडून दुसरी तोडून पाहिली, तरीही चालूच.

साहेबांनी पुंजारामला कायम करण्याच्या कागदावर सही केली, पण खाली एक अट लिहिली: दोन्ही खुंटे रोज रंभाबाईंकडून तपासून घ्यावेत.

पुंजाराम विझलेली माळ हातात घेऊन उभा होता. "मावशी, पूजा सुनीसुनी नाही का वाटणार?"

"झेंडूला कुटं लाइन लागते?"

त्याने माळ गुंडाळून पिशवीत टाकली. मैनाबाईसाठी बघितलेल्या खोलीत एकच बोर्ड होता, पण तिथे माळेला तेवढा पुरेसा होता.