दोनशे एकतिसावी शाई

शाई माणसापेक्षा जास्त जगते. माणूस जातो, त्याचे कपडे वाटले जातात, चष्मा कुठल्या तरी खणात पडून राहतो. पण त्याने लिहिलेली ओळ तशीच्या तशी, त्याच रंगात, त्याच्या हाताची साक्ष देत उभी असते. दातांच्या डॉक्टरांनी हे वाक्य आपल्या शाईच्या वहीच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं. वर्षभरात ते निम्मं उडालं. शाई धुऊन जाणारी निघाली, आणि वहीवर पेशंटचा चुळा भरायचा पेला सांडला.

डॉक्टरांकडे एकेचाळीस फाउंटन पेनं होती आणि सदुसष्ट दौती. कागद किती होते याची मोजदाद नव्हती, कारण ते कपाटात, कपाटावर आणि बायको विचारेल म्हणून काही गादीखालीही होते.

"हात दोन, त्यातला लिहायचा एक," बायको म्हणायची. "एकेचाळीस पेनं कशाला हो?"

"प्रत्येक पेनाचा स्वभाव वेगळा असतो. तो सांभाळून घ्यावा लागतो."

"एकेचाळीस स्वभाव सांभाळता, मग माझा एकच तेवढा जड का जातो?"

यावर डॉक्टर एखादी निब भिंगाखाली धरून फार बारकाईने पाहू लागत.

हा सगळा संसार दवाखान्याच्या मागच्या खोलीत होता. पूर्वी तिथे कवळ्यांचे साचे ठेवलेले असत. आता साचे खोक्यात गेले होते आणि मांडणीवर दौती आल्या होत्या. दातांतली कीड कोरायच्या बारीक आकड्यांनी डॉक्टर निबेच्या फटीतला गाळ काढत. ते आकडे पुन्हा पुढच्या खोलीत जात नाहीत, हे पेशंटना न विचारता सांगत. शाया मिसळायला एक लाल प्लास्टिकचं झाकण होतं, वाटीएवढं, कॉलेजच्या हॉस्टेलपासून कसं कोण जाणे त्यांच्याबरोबर आलेलं. काचेच्या वाट्या आणून झाल्या, चिनी मातीच्या झाल्या. हात त्या झाकणाकडेच जायचा.

दर रविवारी सकाळी स्टेशनरीच्या दुकानाच्या माळ्यावर पाच शाईप्रेमी जमत. एकमेकांची पेनं घेऊन एकमेकांच्या कागदावर एकच ओळ लिहीत, कागद उजेडाकडे तिरपा धरत, आणि "वा" म्हणत. कागदाच्या मागे शाई उमटली नाही तर दोनदा "वा" म्हणत. पाचांपैकी एकानेही कित्येक वर्षांत कोणाला पत्र लिहिलं नव्हतं. पत्राला मजकूर लागतो.

डॉक्टरांकडे मात्र मजकूर होता. त्यांना वडिलांना पत्र लिहायचं होतं. चौतीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

वडील पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. आता अठ्ठ्याऐंशीचे, आणि मुलीकडे, म्हणजे डॉक्टरांच्या ताईकडे, दोन तासांवरच्या गावी. डॉक्टरांना लहानपणाचं जे काही स्पष्ट आठवे त्यात वडिलांचं पेन होतंच. रविवारी दुपारी ते खिडकीशी बसून सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहीत. आधी पेन उघडून दौतीतून ड्रॉपरने शाई भरायची, मग निब डोक्याच्या केसांना पुसायची; म्हणून त्यांचे केस पांढरे झाले तेव्हाही उजव्या कानावर काळपट राहिले. घरात कोणी बोलायचं नाही. फक्त निबेची कुरकुर, आणि ओळ संपली की टिपकागद दाबल्याचा आवाज. तो टिपकागद छोट्याला, म्हणजे डॉक्टरांना, मिळायचा. त्यावर वडिलांची उलटी अक्षरं उमटलेली असायची आणि तो ती आरशासमोर धरून वाचायचा. आत्याला काय लिहिलं, मामाला काय सुनावलं, हे घरात सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं.

छोट्याचं स्वतःचं अक्षर भयंकर होतं. बोटं निळी, खिसा निळा. परीक्षेत शाई संपली की शेजाऱ्याच्या निबेला निब लावून दोन थेंब उसने घ्यायचे आणि अर्धे त्याच्याच पेपरावर सांडायचे. वडील वही पाहत, मिटत, आणि परत देत. एवढंच. मारलं असतं तर बरं, असं वाटायला लावणारं ते वही मिटणं होतं.

मग तो दातांचं शिकायला हॉस्टेलवर गेला. दर बुधवारी वडिलांचं पत्र यायचं. असंच एक आलं दुसऱ्या वर्षी. त्यात जेवणाची चौकशी होती, अभ्यासाची होती, आणि मध्येच एक ओळ: "तुझे अक्षर पूर्वीपेक्षा बरे झाले आहे."

वडिलांनी जन्मात केलेलं हे एवढं एकच कौतुक. छोट्या दिवसभर ते पत्र खिशात घेऊन हिंडला. उत्तर झकास अक्षरात लिहायचं म्हणून चांगला कागद आणायला गेला, कागद मिळाला नाही, मग सुट्टी लागली, मग घरी टेलिफोन बसला, आणि पत्रं थांबली. उत्तर राहिलं ते राहिलंच.

दवाखाना थाटल्यावर डॉक्टरांनी ते पत्र फ्रेम करून घेतलं. फ्रेमवाला म्हणाला, "साहेब, खालच्या दोन ओळी घरगुतीच दिसतात. आत दुमडून घेतो, म्हणजे चौकोन कसा नेमका बसेल." डॉक्टर म्हणाले, घ्या. पत्र दवाखान्यात पश्चिमेच्या खिडकीसमोर लागलं. खुर्चीत तोंड उघडून बसलेला प्रत्येक माणूस अठरा वर्षं डॉक्टरांच्या अक्षराचं कौतुक वाचत होता.

पेनांचा नाद लागला सात वर्षांपूर्वी, आणि तेव्हाच डॉक्टरांनी ठरवलं की उत्तर द्यायचं ते वडिलांच्याच शाईने. काय अजब रंग होता तो! राखाडी म्हणावा तर तपकिरीकडे झुकलेला, कडेला किंचित हिरवट, आणि निब जिथे टेकली तिथे जरासा दाट. सदुसष्ट दौतींपैकी एकीतही तो नव्हता. रविवारच्या मंडळींनी फ्रेम हातोहात फिरवली. निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "असल्या शाया आता बनत नाहीत." दुकानदार म्हणाला, "माणसंही बनत नाहीत." सगळ्यांनी क्षणभर मौन पाळलं.

मग डॉक्टरांनी स्वतःच ती शाई बनवायला घेतली. कवळी बसवणारा माणूस रंग जुळवण्यात कच्चा नसतो. लाल झाकणात थेंब मोजून टाकायचे, एक ओळ लिहायची, वाळू द्यायची, दातांचे रंग जुळवायच्या दिव्याखाली पत्राशेजारी धरायची, आणि वहीत लिहायचं: क्रमांक ४७, फार हिरवी. क्रमांक ११२, थोडी उदास. क्रमांक १८९, जवळ आली होती पण शेवटी मन बदललं.

एक दिवस ताईचा फोन आला.

"छोट्या, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधोमध डाग वाढतोय. वाचायचं असेल ते दोन-तीन महिन्यांत वाचून घ्या म्हणाले. बाबा आता पेपरातल्या नुसत्या मथळ्यांशी भांडतात. आतल्या मजकुराशी भांडायचं बंद झालं."

डॉक्टरांनी हातातलं लाल झाकण खाली ठेवलं.

"तू पत्र लिहिणार होतास ना त्यांना? सात वर्षं ऐकतेय."

"शाई होतच आलीय, ताई."

"अरे शाई कसली होतेय? ती काय लोणचं आहे मुरायला? फोनवर बोल की."

"फोनवर नाही बोलता येत ते."

"काय असं आहे?"

"बोलता आलं असतं तर फोनवर बोललो नसतो का?"

ताईने फोन ठेवला. डॉक्टरांनी दवाखान्याच्या वेळा निम्म्या केल्या. बायको म्हणाली, "लोक दुखणारे दात घेऊन दारात उभे आहेत आणि तुम्ही आत थेंब मोजताय." पण वडिलांचं कळल्यावर ती स्वतःच दारात बसून लोकांना उद्या या म्हणू लागली.

त्याच आठवड्यात एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या. त्यांना पुढच्या दोन दातांची कवळी हवी होती, आणि ती उरलेल्या दातांच्या रंगाचीच हवी होती.

"हा माझा मूळ रंग आहे," त्या ठसक्यात म्हणाल्या.

"बाई, मूळ रंग असा नसतो," डॉक्टर रोजच्यासारखं म्हणाले. "हा पन्नास वर्षांच्या चहाचा आहे. मूळ रंग पाहायचा तर हिरडीच्या आत झाकलेला भाग पाहावा लागतो. उघड्यावरचं सगळं बदलतं." आणि हात धुऊन ते मागच्या खोलीत क्रमांक २२६ कडे गेले.

क्रमांक २३१ जमली. दिव्याखाली पत्राची ओळ आणि वहीतली ओळ, दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. डॉक्टरांनी वही मिटली. मग त्यांनी दुधाळ रंगाचा, आजवर एकदाही न वापरलेला कागद काढला, सगळ्यात गुळगुळीत निबेचं पेन भरलं, आणि उत्तर लिहिलं. चौदा खर्डे झाले. पंधराव्यात एकही खाडाखोड नव्हती. टिपकागद दाबताना तो जुना आवाज झाला आणि त्यांना उगीचच खोलीत कुणी बोलू नये असं वाटलं. खोलीत दुसरं कोणी नव्हतंच.

रविवारी मंडळाला दांडी मारून ते पत्र घेऊन ताईकडे गेले. टपालाने पाठवायचं होतं, पण टपालावर विश्वास आणि वेळ दोन्ही नव्हते.

वडील खिडकीशी बसले होते. त्यांनी पाकीट चाचपलं, कागद बोटांत धरून पाहिला. "कागद चांगला आहे," ते म्हणाले. मग भिंग घेतलं, कागद जवळ आणला, लांब नेला, तिरपा केला, उजेडाकडे धरला. रविवारच्या मंडळींसारखंच सगळं. फक्त "वा" आलं नाही.

"फार फिकं लिहिलंस रे. शाई संपत आली होती का?"

"बाबा, ही तुमची शाई आहे."

"माझी?"

"तुम्ही मला पत्रं लिहायचात ती. हाच रंग होता ना?"

"छे! माझी निळी असायची. चांगली गडद, टेबलावरची काचसुद्धा निळी व्हायची. खात्याची शाई." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ही कसली, मळकट! ही मी कधी वापरीन का?"

ताई दारात उभी होती. "छोट्या, ते पत्र तू उन्हात टांगलंयस ना? खिडकीसमोर?"

"अठरा वर्षं," डॉक्टर म्हणाले. मास्तरीणबाई त्यांना आठवल्या आणि नकोशा झाल्या.

"मग काय राहणार त्यात? माझा दारातला पडदा दोन वर्षांत उडाला."

वडिलांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला होता. नाक कागदाला लागलं. ओळीवरून ते बोट फिरवत होते, जणू बोटाला तरी काही लागेल. डॉक्टरांना ते बघवेना. ताईने काही न बोलता स्वयंपाकघरातून जाड काळा मार्कर आणून दिला. त्याने ती डब्यांवर साखर, मीठ असं लिहायची. डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं. त्या महागड्या कागदातून मार्कर आरपार फुटला आणि खालच्या टीपॉयवरही उमटला.

वडिलांनी एकेक शब्द लावत मोठ्याने वाचलं. "बाबा, अक्षर, बरं झालं, म्हणालात. तेव्हापासून, रोज, गिरवतोय."

वडिलांनी कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात, पेन लावायचे तिथे ठेवली.

"गिरव," ते म्हणाले. "सध्या जरा बिघडलंय."

ताई पदराआड हसली. डॉक्टरांनी डोळे पुसले, ते मार्करच्या बोटांनीच.

"पण मुख्य विचारलं होतं त्याचं काय?" वडील म्हणाले.

"काय विचारलं होतं?"

"त्याच पत्रात, खाली. झाकणाचं. चौतीस वर्षं झाली, हो की नाही, काहीच कळवलं नाहीस."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी हिरडी कापायच्या पात्याने फ्रेमचा मागचा पुठ्ठा सोडवला. पत्राच्या आत घेतलेल्या दोन ओळी उलगडल्या. त्या गडद निळ्या होत्या, सकाळीच लिहिल्यासारख्या. रंग ओळखायला दिवाही लागला नाही. तसली दौत स्टेशनरीच्या दुकानात दारातच, खोडरबरांच्या शेजारी असते. ओळी अशा होत्या: "थर्मासचे लाल झाकण सापडत नाही. तुझ्या सामानात गेले आहे का, ते उलट टपाली कळवणे."

टेबलावरच्या लाल झाकणात तळाशी क्रमांक २३१ वाळत पडली होती. डॉक्टरांनी ती शाई मोरीत ओतली आणि झाकण घासायला घेतलं. साबण झाला, स्पिरिट झालं, कवळ्या धुवायची पूड झाली. तपकिरी, हिरवट वर्तुळं काही गेली नाहीत.

पुढच्या रविवारी ते झाकण वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते बोटांनी सगळीकडून चाचपलं, आतले आटे नखाने मोजले, आणि म्हणाले, "हेच." ताईने ते धुऊन, पुसून फडताळात वरच्या फळीवर ठेवलं.

थर्मास पत्र आलं त्याच वर्षी ओट्यावरून पडून फुटला होता.