गब्दुलचा पट्टा

बाबाचा उजवा हात स्टिअरिंगवर होता आणि डावा आईच्या तोंडावर. फुगवलेली कागदी पिशवी फोडावी तसा आवाज बंद गाडीत घुमला. गाडी मात्र जराही डगमगली नाही. रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाला एका हातानं गाडी सरळ ठेवणं म्हणजे काहीच नाही.

“बहिणीला काय सांगत होतीस स्वयंपाकघरात?”

“काही नाही.”

“काही नाही? मग ती दारात मला का म्हणाली, आमचं घर तिच्यासाठी कधीही उघडं आहे म्हणून? मी काय रस्त्यावर टाकलंय तुला?”

दुसरी चपराक बसली. या वेळी अंगठी ओठाला लागली आणि रक्त हनुवटीवरून खाली आलं. आईनं ते मनगटानं पुसलं, जणू काही घामच होता.

मागे थोरली बसली होती. नववीतली, गुडघे घट्ट जुळवून. शेजारी लहान मुलांच्या खुर्चीत तिचा भाऊ. नाव त्याला चांगलं होतं, पण गालांमुळे सगळे गब्दुलच म्हणायचे. पुढे महायुद्ध पेटलेलं, आणि हा पठ्ठ्या स्वतःच्या मोज्याचा पंचनामा करत होता.

“घरी चल,” बाबा म्हणाला. आवाज एकदम खाली आला. “घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे.”

ओरडणारा बाबा परवडला, हा हळू आवाजाचा नाही. मागच्या वेळी या आवाजानंतर आईच्या मनगटाला प्लास्टर बसलं होतं, आणि शेजारच्या काकूंना ‘न्हाणीत घसरले’ असं सांगायला थोरलीच गेली होती.

गब्दुल रांगायला लागला तेव्हा याच बाबानं टेबलाच्या कोपऱ्यांना रबर लावलं. विजेच्या भोकांना बुचं, औषधांच्या कपाटाला कडी, जिन्याला फाटक. गरम चहाचा कप घेऊन कुणी गब्दुलजवळून गेलं तरी तो खेकसायचा. आणि त्याच रबर लावलेल्या कोपऱ्यावर त्यानं आईचं डोकं आपटलं होतं. रबर होतं म्हणून टाके पडले नाहीत.

गाडीत तर विचारूच नका. अपघातांतून त्यानं काय काय उचललं होतं ते तो सांगत नसे, पण मुलाला पट्टा लावल्याशिवाय गाडी तसूभर हलवत नसे. एकदा आजोबा म्हणाले, “अरे, मांडीवर घेतो की! मी काय पाडतोय होय त्याला?” तर त्यानं भर रस्त्यात गाडी थांबवून स्वतःच्या बापाला खाली उतरवलं होतं. पट्टा लावायचा तोही त्यानंच. दुसऱ्या कुणाच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता.

गाडी गोदामांच्या सुनसान रस्त्याला लागली. थोरलीनं गब्दुलवरून हात लांबवला आणि त्याच्या बाजूच्या दाराच्या कुलपाची खुंटी हळूच खाली दाबली. मग त्याच्या पोटावरचं लाल बटण. दाबायला दोन्ही अंगठे लागले. पट्टे सुटले तसा गब्दुल खूश होऊन पुढे झेपावला. तिनं त्याला दोन्ही हातांनी खुर्चीत दाबून धरलं. आत्ता कुणी आडवं आलं आणि बाबानं करकचून ब्रेक मारला, तर हे हात कवडीच्या कामाचे नाहीत, हे तिला बाबानंच शिकवलं होतं.

“बाबा, गब्दुलचा पट्टा सुटलाय.”

“काय?”

“लागतच नाहीये. काहीतरी अडकलंय.”

“तू हात लावू नकोस त्याला! बाळाला धर. घट्ट धर!”

ब्रेक इतका अलगद लागला की गाडी कधी थांबली ते कळलंसुद्धा नाही. तो उतरला. इंजिन चालूच राहिलं. रुग्णवाहिकेतून उतरताना तो ते कधी बंद करत नसे, आणि ती सवय घरच्या गाडीतही सुटली नव्हती. थोरली त्या सवयीवरच तर सगळं लावून बसली होती.

पुढून वळसा घालून तो गब्दुलच्या दाराशी आला. त्यानं मूठ ओढली. दार उघडेना.

“आई, सरक,” थोरली कुजबुजली.

आईनं काचेबाहेर बाबाकडे पाहिलं.

“बाबाच्या जागेवर सरक ना! चालवायचीस ना तू गाडी?”

“ते लग्नाआधी...”

“मग आता लग्नानंतर चालव!”

आईनं स्वतःचा पट्टा काढला, गिअरच्या दांड्यावरून पाय टाकला, गुडघा आपटून घेतला, धपकन पलीकडे बसली. दार ओढलं. कुलपाचं बटण दाबलं. सगळी दारं एकदम खटकली.

मग बाबाला कळलं.

“उघड!” त्याची मूठ टपावर आदळली. “उघड सांगतो! सटवे, पोरीलाही शिकवून ठेवलंस होय?”

रस्त्याकडेचा दगड उचलून तो धावत आईच्या बाजूला आला. पहिला घाव समोरच्या काचेवर. काचेत भलंमोठं जाळं उमटलं. दुसरा आईच्या कानाशी, दाराच्या काचेवर. दगड उसळून परत गेला.

“आई, चल! चल ना!”

“पट्टा लाव त्याचा.”

“अगं, तो काच फोडेल—”

“आधी पट्टा लाव!” आई किंचाळली. तिनं पहिला गिअर टाकला होता, दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटले होते आणि पायाखाली क्लच दाबलेला होता.

थोरलीनं गब्दुलचे दोन्ही हात पट्ट्यांत कोंबले. दोन टोकं जुळवायची आणि खाचेत सारायची, बस, एवढंच. बोटं घामेजली होती. टोकं जुळली की सटकत, सटकली की गब्दुल हसे. बाबानं दगडाचा हात मागे नेला, नेम धरायला काचेशी वाकला, आणि त्याची नजर मागच्या सीटवर गेली.

“पीळ!” तो काचेतून ओरडला. “डाव्या खांद्यावर पीळ पडलाय! डोळे फुटले का तुझे?”

थोरलीनं पाहिलं. खरंच पडला होता. तिनं पट्टा सोडला, खांद्यावर सरळ केला, टोकं पुन्हा जुळवली. दगड हवेतच थांबला होता.

खट्.

“ओढ! खालून ओढ!”

तिनं ओढलं. पट्टा गब्दुलच्या छातीला चापून बसला.

बाबानं मान हलवली. मग त्यानं दगडाचा हात पुन्हा मागे नेला, आणि आईनं क्लच सोडला.