ढेकणांच्या औषधाचा आत्मा

बिबवेवाडीतल्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारे आजी आणि माजी सेक्रेटरी चक्क एका सतरंजीवर बसले होते. चमत्कार तिथूनच सुरू झाला म्हणायचा.

टेबलावर कै. गोपाळकृष्णरावांचा जुना कॅसेट डेक, शेजारी चाळीस कॅसेटी आणि मागे भगव्या शालीतले नादमहाराज. त्यांनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर. मग लांबून, पुसट: "सुनीती, ऐक." आणि दोन सेकंदांनी खणखणीत: "सुनीती, ऐक. नाट्यगीतं, बाजू पहिली."

हॉलभर काटा आला. गोपाळकृष्णरावांना जाऊन बारा वर्षं झालेली. कॅसेट भरताना आधी बायकोला अशी वर्दी द्यायची त्यांची सवय सगळ्यांना ठाऊक होती. पण दोनदा?

"देह नंतर बोलतो माई, आत्मा आधी!" महाराज गरजले. "फितीत अडकलाय तो! क्वांटम म्हणतात याला, क्वांटम! आजच हे सगळं संगमावर विसर्जित करा, त्यांना मोकळं करा."

सुनीतीताईंनी डोळे पुसत मान हलवली. नवऱ्याचा आवाज घरात तेवढाच उरला होता. शिष्य लगेच सामान बांधायला लागला.

"अहो महाराज," शेवटच्या रांगेतून करीमभाई उठले, "बुडवायच्या वस्तूला बबल-रॅप कशाला? डेकला सर्दी होते का?"

"कोण आपण?"

"कॅसेटींचा डॉक्टर. तीस वर्षं दुरुस्तीचं दुकान आहे. हा डेक माझ्याच हातचा." करीमभाईंना मनातून उकळ्या फुटत होत्या. 'फितीत अडकलेला आत्मा ऐका' हा महाराजांचा आमंत्रणाचा व्हॉइस मेसेज ऐकला तेव्हाच त्यांनी तो आवाज ओळखला होता आणि खिशात एक कॅसेट घालून आणली होती. "एक शंका. असा दोनदा आवाज फक्त गेलेल्या माणसाचाच येतो?"

"फक्त गेलेल्याचा! जिवंत माणसाचा आणून दाखव!"

"सेक्रेटरी, लिहून घ्या हो."

दोन्ही सेक्रेटरींनी पेनं काढली.

करीमभाईंनी खिशातली कॅसेट डेकमध्ये घातली. खरखर. मग पुसट: "ढेकूण मरतो…" आणि पाठोपाठ दणक्यात: "ढेकूण मरतो, पिल्लं मरतात, अंडी मरतात! घेऊन जा, वापरून बघा!"

आवाज थेट महाराजांचा.

"वैजनाथ, स्वारगेटला हातगाडी लावायचास तू," करीमभाई मायेनं म्हणाले. "ही जाहिरात मीच भरून दिली होती. वीस वर्षं दुकानात पडून होती. तुझाही आत्मा आधी बोलला बघ. कधी गेलास रे? कळवायचंस तरी. दहाव्याला आलो असतो."

हॉल हसून लोळला. वैजनाथ शाल सावरत दाराकडे सरकला, पण दारात माजी सेक्रेटरी उभे. "बसा हो. मयत माणसाला कसली घाई?"

"पण मग त्यांनी दोनदा हाक कशी मारली?" सुनीतीताईंनी विचारलं.

"वहिनी, या कॅसेटी शेवटच्या कधी वाजवल्या होत्या?"

"ते गेल्यापासून महाराज येईपर्यंत हातच लावला नाही. जिवापाड जपल्या."

"तिथंच चुकलं. फितीवर आवाज चुंबकानं लिहिलेला असतो. वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली, की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. ओल्या शाईवर कोरा कागद पडावा तसा. वाजवताना तो शेजारचा वेढा आधी येतो, खरा आवाज दोन सेकंदांनी. म्हणून जपणारा माणूस वर्षातून एकदा तरी फीत पुढे-मागे फिरवून घेतो. आता बघा."

त्यांनी गोपाळकृष्णरावांची कॅसेट पाच-सहा वेळा पुढे-मागे पळवली आणि लावली. पहिली हाक जेमतेम ऐकू आली.

"आत्म्याला चक्कर आली वाटतं," आजी सेक्रेटरी पुटपुटले.

"हसताय काय?" करीमभाई वळले. "मघाशी तुम्हीच सगळ्यात पुढे हात जोडून बसला होतात. आणि बुडवणार कोण होतं? अशा डेकसाठी शौकीन लोक आज रांग लावतात, या वैजनाथला ते पक्कं ठाऊक आहे. मंडळी, पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, की एवढंच विचारा: हे दुसरीकडे, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होतं का? आणि करून बघा. त्यासाठी महाराज लागत नाही."

सुनीतीताई उठल्या. शिष्याच्या हातातून त्यांनी खोका ओढून घेतला आणि स्वतःच बबल-रॅप सोडवायला लागल्या.

"करीमभाई, फीत फिरवायची कशी ते मला शिकवा. मला वाटलं, मेल्यावर तळमळून हाका मारतायत. म्हणून बुडवायला निघाले होते," त्या म्हणाल्या. "ही तर जिवंतपणीच मारलेली हाक आहे. मग सावकाश ऐकीन की."

आणि त्यांनी दुसरी कॅसेट लावली.