बेस जागेवर

कुरुंद्याचा बेस वाळत घातलेल्या हळदीखाली सापडला. डोंगरकड्याच्या बेसला म्हैस बांधलेली होती. दोन्ही जागचे हलले नव्हते, याबद्दल मी हळदीची आणि म्हशीची आभारी आहे. उरला तिसरा, शिरड शहापूरच्या पुढच्या तांड्यावरचा. माझं डोकं फिरलं ते तिथे.

बेस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या घरातही कुणाला कळत नाही. घरी पिढ्यान्‌पिढ्या देवळातली पूजा. वडील म्हणतात, जान्हवी आभाळाकडे बघून पगार घेते. मी म्हणते, तुम्ही वेगळं काय करता? तर बेस म्हणजे सिमेंटचा गुडघाभर खांब, माथ्यावर लोखंडी फुली. ती फुली पृथ्वीवर नेमकी कुठे आहे ते पक्कं ठाऊक असतं. तिच्यावर एक जीपीएस यंत्र ठेवायचं आणि दुसरं घेऊन शिवारभर मोजत हिंडायचं. मोजणीतल्या चुका त्या फुलीवरून दुरुस्त होतात. म्हणजे फुली सरकली की सगळं शिवार सरकलं.

आणि ते सरकलं होतं. आमच्या कंपनीनं पहिल्या वर्षी बांध मोजले, पुढच्या वर्षी विहिरी आणि घरं. नकाशात बांध जागच्या जागी, पण विहिरी-घरं चार मीटर पश्चिमेला. कुणाचा गोठा ओढ्यात, कुणाचा संडास भर रस्त्यात. हसून सोडून दिलं असतं, पण रुख्मिणीबाईची विहीर बांध ओलांडून शेजारच्या भावसिंगच्या वावरात गेली होती. त्या विहिरीवर तिची सगळी हळद. भावसिंगनं नकाशा पाहिला, मिशी पिळली आणि विहिरीच्या काठावर आपली मोटार आणून ठेवली. सोमवारी नकाशा कायम होणार होता. त्याआधी बेस हलल्याचं मी सिद्ध केलं नाही, तर विहीर गेलीच.

आमचे अनिरुद्धसर मात्र ऑफिसात एसी लावून छातीठोकपणे सांगत होते, "बेस हललेला नाही. तांड्यावर स्वतः फोन करून विचारत आलोय मी." फोन ज्याला करायचे तो रूपसिंग, म्हणजे रुख्मिणीबाईचाच नवरा. खांबावर लक्ष ठेवायचं काम त्याच्याकडे होतं.

खांब मला होळीच्या मैदानाच्या कडेला निंबाखाली दिसला. तिथेच माझी सटकली. जीपीएसला मोकळं आभाळ लागतं, आणि हा बेस झाडाखाली, पेन्शनीतल्या मास्तरासारखा. कुरुंद्याच्या बेसवरून पडताळा घेतला. खांब चार मीटर पूर्वेला होता.

"रूपसिंगभाऊ, हा खांब हलवला का?"

"हलवला ना, म्याडम," रूपसिंग खुशीत म्हणाला.

"मग साहेबांना जागेवर आहे म्हणून कसं सांगितलं?"

"तसं काहून सांगीन? साहेब इचारायचे, बेस जागेवर आहे का? मी म्हनायचो, व्हय साहेब, एकदम बेस जागेवर! सावली हाय, वारं हाय, लेकरं बसतेत. तिकडं मैदानात उन्हात तापून राहिला होता बिचारा. अन् होळीला लेंगीची गानी म्हनत नाचताना मधीच यायचा, समद्यांचे अंगठे फुटायचे. नारळ फोडून हलवला, असाच न्हाई."

मी तिथेच सावलीत टेकले. जागा खरंच बेस होती. विहिरी मोजायला आलेल्या टोळीनंही म्हणूनच काही विचारलं नसणार. सावलीत काम कुणाला नको?

रुख्मिणीबाईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की माझा राग मला पोरकट वाटायला लागला. "म्हंजी माझी हीर तुमी घालवली," ती म्हणाली. रूपसिंगची खुशी तिथेच आटली.

पण नुसतं यंत्र सांगतं म्हणून भावसिंग ऐकणार नव्हता. खूण दाखवावी लागणार होती. बेस रोवणारे खांबाखाली आणखी एक लोखंडी गज पुरून ठेवतात, त्यावरही फुली असते. लोकांवर विश्वास नसतो ना. मी विचारलं, "पहिला खड्डा कुठे आहे?"

रूपसिंग बायकोकडे बघायला लागला.

"ते माझं उखळ हाय," रुख्मिणीबाई म्हणाली. "आयता खड्डा सापडला म्हून खाली दगड बसवला, सिमेंट लावलं. समदा तांडा मिरची कुटतो. होळीला वर फरशी टाकतो."

फोडण्यावाचून इलाज नव्हता. मी तोंड उघडायच्या आत तिनं पहार आणली. तेवढ्यात भावसिंगही आला. "म्याडम, उखळात काय हुडकून राहिल्या?" म्हणून हसायला लागला. त्याचं उखळ पांढरं व्हायची वेळ आलेली, माणूस हसणारच.

सिमेंट फुटलं, दगड निघाला. वर्षभराची मिरची उडाली आणि आम्ही सगळे शिंकायला लागलो. मी आत डोकं घातलं. उखळात डोकं घातल्यावर मुसळाची कसली भीती म्हणतात, पण मला भीती वाटत होती. गज नसता तर त्या बाईला मी काय तोंड दाखवणार होते? हातानं माती उकरली. आधी खडा लागला, मग खडाच, मग काहीतरी गार. ओढणीनं पुसलं. फुली.

यंत्राची तिपाई उखळावर मांडली, मोजलं. चार मीटरचा हिशेब बरोबर जुळला. विहीर बांधाच्या अलीकडे, रुख्मिणीबाईच्या वावरात परत आली. भावसिंगनं स्वतः वाकून फुली पाहिली, शिंकला, आणि मोटार उचलायला माणूस बोलवायला गेला. रुख्मिणीबाई फुटक्या उखळाशी बसून डोळे पुसत होती. मिरचीनं, म्हणाली. मीही मिरचीनंच पुसले.

तेवढ्यात अनिरुद्धसरांचा फोन आला. माझे हात मातीचे, म्हणून स्पीकरवर टाकला.

"जान्हवी, शेवटचं विचारतो. बेस जागेवर आहे का?"

"व्हय साहेब, एकदम..." रूपसिंगनं सवयीनं तोंड उघडलं. रुख्मिणीबाईनं तिखटाच्या हातानं ते गच्च दाबलं.

"तुमी गप बसा. मागच्या बारीला तुमी बोललात अन् हीर गेली."