देवाच्या खोलीचे झरोके

"वरती जिवंत आहात ना?" खालून आवाज आला.

"आहे साहेब. अजून दोन बॅट्स घालायच्यात."

क्लाइव्ह पोटावर सरपटत छपराच्या टोकाशी पोचला होता. वर पत्रा, खाली लाकडी तुळया, मध्ये जेमतेम माणूस सरकेल एवढी जागा. बॅट म्हणजे काचेच्या लोकरीची जाड गादी. ती दोन तुळयांच्या मध्ये दाबून बसवायची, फट म्हणून ठेवायची नाही. वीस वर्षं तो हेच करत आला होता. मेलबर्नजवळचा डँडेनॉन्गचा कारखाना बंद पडला तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून धरलेलं काम त्याला चिकटलं ते चिकटलंच.

या डोंगरातलं हे त्याचं या हिवाळ्यातलं तेविसावं घर. मेलबर्नला टाळेबंदी लागली तेव्हा तो खालच्या गावात मोटेलवर होता आणि तिथेच राहिला. घरी गेलं असतं तर परत वर येऊ दिलं नसतं. त्याची बायको व्हॅलेरी रोज फोनवर विचारायची, "केव्हा येणार?" तो सांगायचा, "थंडी सरू दे." थंडी सरत नव्हती. ऑगस्टच्या या दिवसांत सकाळी अकरा वाजताही कुंपणाच्या तारेवर बर्फ तसाच असायचा.

तो शिडीवरून उतरला, मास्क नीट केला आणि खोल्यांमधल्या बोळात उभा राहिला. झोपायच्या खोलीचं दार बंद होतं. साथीमुळे कंपनीचा नियमच तसा होता. काम चालू असताना घरमालकाने एका खोलीत दार लावून बसायचं, कामगाराने बाकीच्या घरात वावरायचं. त्यामुळे पद्माकरांशी सकाळपासूनचं सगळं बोलणं दाराआडून चाललं होतं. सकाळी गेटपाशी दहा फुटांवरून दिसले तेवढेच. चौऱ्याहत्तर वर्षांचा उंच, वाकलेला माणूस, अंगावर दोन स्वेटर आणि वरून शाल. बावीस वर्षं कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर होते. तिथल्या उन्हाने इतके विटले होते की निवृत्त झाल्यावर त्यांनी देशातली सगळ्यात गार जागा शोधली. ऐंशी वर्षांचं लाकडी घर घेतलं. भिंतीत काही नाही, छतात काही नाही.

"तुमचं मराठी चांगलं आहे हो, क्लाइव्हराव," दाराआडून पद्माकर म्हणाले.

"वसईचा आहे साहेब. मराठी शाळेत शिकलो. फादर कान पिळायचे शुद्धलेखनाला."

"अहो, कोणाशी बोलताय?" आतून बाईचा आवाज आला.

क्लाइव्ह दचकला. घरात दुसरं कोणी असल्याचं कामाच्या कागदावर नव्हतं.

"ही आमची सुनीती," पद्माकर हसून म्हणाले. "पुण्यात आहे. फेब्रुवारीत बहिणीच्या ऑपरेशनला गेली आणि विमानं बंद झाली. टॅब्लेट समोर ठेवतो. ती तिकडे भाजी निवडते, मी इकडे पेपर वाचतो. दिवसभर असंच."

"नमस्कार हो," आवाज म्हणाला. "यांचं घर एकदाचं गरम करा. मार्चपासून मी नुसतं 'थंडी, थंडी' ऐकतेय. इथे आम्हाला पंखा लागतो."

"करतो वहिनी. संध्याकाळपर्यंत फरक कळेल."

"बघा हं. नाहीतर मला सांगतील, वसईकरानं फसवलं."

क्लाइव्हला बरं वाटलं. चार महिन्यांत त्याच्याशी कोणी असं बोललं नव्हतं.

छप्पर झालं होतं, आता झरोके राहिले. अशा जुन्या घरांत प्रत्येक खोलीच्या भिंतीत वर दोन जाळीदार झरोके असतात. हवा खेळावी म्हणून कोणे एके काळी ठेवलेले. त्यांतून वारा सुईसारखा आत येतो. ते बुजवायचे, दारांना खालून रबराची पट्टी मारायची, मग घर ऊब धरतं. वसईला त्याच्या आईच्या घरात भिंतीला अशाच जाळ्या होत्या. तिथे वारा आला नाही तर लोक दारात येऊन बसत. इथे उलटं. पहिल्या वर्षी झरोका बुजवताना त्याला उगीचच चोरी केल्यासारखं वाटायचं. नंतर सवय झाली.

एक गोष्ट मात्र होती. झरोका बुजवण्याआधी ती खोली डोळ्यांनी पाहायची. धुराडं नसलेला गॅसचा हीटर आत असेल तर झरोक्याला हात लावायचा नाही, नाहीतर त्याचा विषारी वायू खोलीतच कोंडतो. कागदावरचं ते सातवं कलम. ते त्याने नव्या पोरांना स्वतः शिकवलं होतं.

बैठकीत लाकडाची शेगडी होती, तिला छपरापर्यंत धुराडं. ठीक. स्वयंपाकघरात वीज, मागची खोली रिकामी. ठीक. सहा झरोके त्याने तासाभरात बुजवले आणि बोळाच्या टोकाशी आला.

"साहेब, ही शेवटची खोली. पाच मिनिटं बाहेर येता का? मी आतून उरकतो."

"येतो की. फक्त एक आहे, इथेच आमचे देव आहेत. कोनाड्यात. बूट काढाल ना?"

क्लाइव्हने खाली पाहिलं. लोखंडी टोपणाचे बूट, गुडघ्यापर्यंत चिखल. कामाच्या जागी बूट काढायचे नाहीत हाही नियमच. मागच्या वर्षी एकाच्या पायात खिळा गेला, तेव्हापासून फारच कडक.

"बूट काढता येत नाहीत हो."

"अहो, येऊ द्या त्यांना," सुनीती म्हणाली. "पुसून घ्या नंतर. देव काही रागवत नाहीत."

"नको वहिनी," क्लाइव्ह म्हणाला. त्याला उगाच अवघडल्यासारखं झालं. आपण ख्रिस्ती माणूस, त्यातून चिखलाच्या बुटांनी दुसऱ्याच्या देवासमोर जायचं. त्याच्या आईला हे कळलं असतं तर तिने दोन दिवस अबोला धरला असता. "देवाच्या खोलीत असा नाही येणार. झरोके बाहेरूनही बुजवता येतात. साहेब, तुम्ही बसा निवांत."

"भला माणूस आहे," आत पद्माकर हळू आवाजात बायकोला म्हणाले. ते त्याला ऐकू आलं आणि आवडलं.

बाहेर शिडी लावताना त्याला लाकडांचा ढीग दिसला. ओंडके न फोडलेले, वर वीतभर बर्फ. आठवडाभर कोणी हात लावलेला नसावा. त्याच्या मनात काहीतरी हललं, पण वाऱ्याने शिडी डुगडुगली आणि तो दोन्ही हातांनी धरून वर चढला. दोन्ही झरोके बुजवले, कडेने लांबी भरली, अंगठ्याने दाबून पाहिली. काम चोख झालं.

आत येऊन तो बोळात गुडघ्यांवर बसला आणि त्या दाराला खालून रबराची पट्टी मारली. फटीतून त्याच्या हातावर ऊब आली. छान ऊब होती, अगदी चुलीपाशी बसावं तशी. क्लाइव्हला वाटलं, छपराचा गुण इतक्यात दिसायला लागला.

कागदावर त्याने खुणा केल्या. सातव्या कलमापाशी पेन क्षणभर थांबलं. मग तिथेही खूण झाली.

"निघतो साहेब."

"चहा राहिला की."

"पुढच्या वेळी. वहिनी आल्या की येतो."

"या, या," सुनीती म्हणाली. "पुरणपोळी करीन."

तेव्हा पाऊण वाजला होता.

खालच्या गावात पोचेपर्यंत आभाळ भरून आलं. मोटेलवर त्याने जेवण केलं, दुसऱ्या दिवसाचं सामान गाडीत रचलं आणि तीनच्या सुमाराला डिझेल भरायला पंपावर गेला. पंपावरची बाई काचेआडून म्हणाली, "वर त्या इंडियन म्हाताऱ्याकडे होतास ना, मेट? पॅडीकडे? त्याला सांग, त्याचा गॅसचा सिलिंडर आलाय."

"कसला गॅस? त्याच्याकडे लाकडाची शेगडी आहे."

"खांदा धरलाय त्याचा. कुऱ्हाड उचलत नाही. गेल्या आठवड्यात माझ्या सासऱ्याचा जुना हीटर दिला मी त्याला. चाकांवरचा. रात्रंदिवस लावून बसतो म्हणाला. मी बजावलं हं, खिडकी किलकिली ठेव. तो म्हणाला, नो वरीज, त्या घरात वाऱ्याला काही तोटा नाही."

क्लाइव्हच्या हातातलं पाकीट खाली पडलं. ते त्याने उचललं नाही.

पद्माकरांच्या घरच्या फोनवर घंटा वाजत राहिली. दोनदा, तीनदा. मग त्याने ट्रिपल झिरो, तातडीच्या मदतीचा नंबर, लावला. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत होती, त्या माणसाला ताप आहे का, खोकला आहे का, तुम्ही त्याच्या किती जवळ गेला होता. "मी जवळ गेलोच नाही," क्लाइव्ह म्हणाला. "म्हणून तर." ते इंग्रजीत नीट सांगता येईना. गॅस, बंद खोली, म्हातारा माणूस, एवढं तीनदा सांगितलं. अँब्युलन्स दुसऱ्या गावाहून निघेल, ती म्हणाली. चाळीस मिनिटं, रस्ता मोकळा असला तर.

तो निघाला. वर चढावर बर्फ पडायला लागला होता. वायपर फिरत होते आणि त्यांच्या तालावर तो मनातल्या मनात तेच पुन्हापुन्हा म्हणत होता. खिडकी उघडली असेल. स्वयंपाकघरात चहा करायला उठले असतील. कोणीच खोटं बोललं नव्हतं. त्याने विचारलं नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. आणि काम चोख झालं होतं. आयुष्यात इतकं चोख काम आपण कधी केलं नसतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

घरापाशी पोचला तेव्हा सगळ्या खिडक्या बंद होत्या. त्याने दारावर मुठी मारल्या. आत कोणीतरी बोलत होतं. क्षणभर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. मग शब्द कळले.

"अहो, उठा ना. दार वाजतंय. किती वेळ झोपायचं माणसाने."

त्याने खांद्याने दार तोडलं. बोळातून धावला. झोपायच्या खोलीचं दार घट्ट बसलं होतं, रबराची पट्टी जमिनीला चिकटली होती. दोन्ही हातांनी ढकलावं लागलं.

हीटर पलंगाशेजारीच होता, ज्योत पिवळी पडलेली. पद्माकर खुर्चीत होते, मांडीवर पेपर, मान छातीवर. गाल लालसर दिसत होते, उन्हात बसून आल्यासारखे. ते लाल गाल पाहून क्लाइव्हला वाटलं, वेळेत आलो.

"क्लाइव्ह?" टॅब्लेटमधून सुनीती म्हणाली. "तुम्ही परत कसे? काय करताय?"

त्याने गॅस बंद केला, काखेत हात घालून त्यांना उचललं आणि फरफटत बोळातून बाहेर, ओसरीवर आणलं. छाती दाबली. मोजत दाबली, शिकवलं होतं तशी. मास्क केव्हाच गळून पडला होता. तोंडाला तोंड लावून श्वास दिला. पुन्हा दाबली. बर्फ तिरका ओसरीत येत होता. किती वेळ गेला त्याला कळलं नाही. हात थांबले तेव्हा त्या माणसाच्या ओठांपाशी वाफ नव्हती. त्याच्या स्वतःच्या तोंडातून तेवढी येत होती.

आतून सुनीती हाका मारत होती. आधी नवऱ्याला, मग त्याला. तो आत गेला, टॅब्लेट उचलून बाहेर आणला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं.

"वहिनी, श्वास नाहीये."

तिच्यामागे पुण्यातली सकाळ होती, खिडकीत वाळत घातलेली चादर.

"चूक माझी आहे," क्लाइव्ह म्हणाला. "खोली बघायची असते. मी बघितली नाही. न बघताच कागदावर खूण केली. तुम्ही पोलिसांना तसंच सांगा. कोणी विचारलं तर मीही तसंच सांगेन."

ती त्याच्याकडे पाहत नव्हती. पडद्यात दिसत होतं तेवढ्यात नवऱ्याला शोधत होती.

"दाखवा मला."

त्याने टॅब्लेट खाली धरला. ती म्हणाली, "बाहेर का ठेवलंत त्यांना?"

"आत गॅस आहे अजून."

"कान झाका त्यांचे," ती म्हणाली. "कानातून थंडी शिरते. त्यांना सोसत नाही."

क्लाइव्हने टॅब्लेट कठड्याला टेकवून उभा केला, तिला दिसेल असा. डोक्यावरची लोकरीची टोपी काढली, गुडघ्यावर बसला आणि पद्माकरांच्या डोक्यावर चढवली. आधी डावा कान झाकला, मग उजवा. एक पांढरी बट बाहेर राहिली होती, ती बोटाने आत सारली.

"झाकले का नीट?" सुनीतीने विचारलं.

"झाकले वहिनी."

खाली दरीत कुठेतरी सायरन वाजत होता, अजून बराच लांब. क्लाइव्ह उठला नाही. त्याच्या उघड्या टकलावर बर्फ साचत होता आणि त्याने तो झटकला नाही.