नागव्वाची चार बोटं रांगोळी

मित्रांनो, आधी बसा बघू. उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. मी सोलापुरातल्या एका टेनिस मैदानाच्या कडेचा जुना बाक आहे. अस्सल बाभळीचा. मोहोळच्या सुताराने मला केलं, तेव्हा माझा एक पाय बोटभर आखूड राहिला. त्याखाली कुणीतरी फरशीचा तुकडा सरकवला आणि सगळे ते विसरून गेले. तो तुकडा अजून तिथेच आहे.

बाकाला स्वतःची बाजू नसते. बसेल तो आपला. माझ्यावर वकील बसले, डॉक्टर बसले, गिरणीतले साहेब बसले. चेंडू डावीकडे गेला की सगळे डावीकडे कलायचे, उजवीकडे गेला की उजवीकडे. तासाभरात माझे खिळे कुरकुरू लागत.

तेव्हा मैदान शेणा-मातीने सारवलेलं असे. त्यावर चुन्याच्या कोरड्या भुकटीने रेषा मारत. चेंडू रेषेला लागला की पांढरी धूळ उडे. धूळ उडाली म्हणजे चेंडू आत, ही पंचांची खूण. ही खूण ध्यानात ठेवा.

मैदान सारवायचं काम नागव्वाचं. सहा वर्षं तिने ती भुई हाताने सारवली, पण खेळ एकदाही पाहिला नाही. प्रेक्षक येऊ लागले की तिला मागच्या दाराने घरी पाठवत. १९७४ साली, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा नुकतीच उठली होती, तेव्हा मोठी स्पर्धा भरली. नागव्वा क्लबच्या सेक्रेटरीसाहेबांना म्हणाली, "साहेब, औंदा मला खेळ बघायचाय."

"बस त्या बाकाच्या टोकाला," साहेब म्हणाले. "पण तोंडातून आवाज काढायचा नाही. काढलास, तर पुढच्या वर्षी सारवायला दुसरी बाई."

अंतिम सामना होता शिवशरणचा. गिरणीच्या कचेरीतला कारकून, आणि नागव्वाच्या गल्लीतला. समोर पुण्याचा उंच खेळाडू. त्या दिवशी सकाळी नागव्वाने मैदान सारवलं, गडीमाणसांनी रेषा मारल्या. सगळे चहाला गेले, तेव्हा ती एकटीच परत आली. पलीकडच्या कोपऱ्यात, शेवटच्या रेषेच्या जरा बाहेर, तिने चार बोटं रांगोळी ओढली, चार बारीक रेघा. "बिनरांगोळीची भुई घरातनं मढं गेल्यावर ठेवत्यात," ती पुटपुटली. "आज आपल्या शिवशरणचा खेळ हाय." एवढ्या रेषांच्या गर्दीत ती कुणाला दिसणार? मला दिसली. पण मला कोण विचारतो!

दुपारी माणूस मावेना. माझ्यावर चौघांच्या जागी सात जण. मधोमध चनबसप्पा, भुसार बाजारातले व्यापारी, कुस्तीचे मोठे शौकीन. पहिल्याच चेंडूला ते ओरडले, "आरं, धर की त्याला! सोडू नको!"

"शांतता राखा," उंच खुर्चीवरून पंच म्हणाले.

"गप बसून कसला खेळ बघायचा हो? हितं काय कीर्तन हाय?"

"कीर्तनात टाळ्या तरी वाजवू देतात," शेजारच्या वकिलांनी सांगितलं. "इथे तेवढंही नाही. चेंडू थांबला की मग ओरडा."

मग लोक शिकले. चेंडू चालू असताना श्वास धरायचे आणि थांबला की एकदम सोडायचे. हजार माणसं आणि चिटपाखरू नाही, असली शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. बाहेरच्या टांग्याच्या घोड्याचे घुंगरू ऐकू यायचे. टोकाला नागव्वा पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. चेंडू थांबल्यावरही ती ओरडत नव्हती. साहेबांचा शब्द तिने पक्का धरला होता.

ऊन उतरलं. एकच गुण, आणि शिवशरण जिंकणार. त्याने चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात हाणला. पांढरी धूळ उडाली. रेषेवरच्या पंचांनी हात खाली दाखवला. चेंडू आत!

काय सांगू मित्रांनो! सात जण एकदम उठले आणि मी मागे कलंडता कलंडता राहिलो. टोप्या उडाल्या. चनबसप्पांनी वकिलांना मिठी मारली. बसलेली एकटी नागव्वा. तिने तोंडातला पदराचा बोळा काढला. मग तीही उठली.

"न्हाय हो!" ती ओरडली. "ती माजी रांगोळी हाय! बॉल भाईर पडलाय!"

आधी कुणाला कळेना. कळलं तेव्हा जी शांतता पसरली, ती पंचांनी मागितलेली नव्हती. शिवशरण जाळ्याला वळसा घालून त्या कोपऱ्यात गेला. वाकला. चारांपैकी दोन रेघा चेंडूने पुसल्या होत्या. चुन्याची रेषा जशीच्या तशी होती. त्याने पंचांकडे पाहून हात हलवला. "बाहेर आहे, साहेब."

पुढे तो हरला. लोक बडबडत निघाले. चनबसप्पा जाताना म्हणाले, "दोन घटका गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"बॉल भाईर पडला की," नागव्वा म्हणाली.

माझ्यावर ती एकटीच उरली. मग शिवशरण येऊन शेजारी बसला.

"तुज्यासाठीच काढली हुती रं," ती म्हणाली आणि रडू लागली.

"म्हाईत हाय, नागव्वा. पुढच्या साली हितं काढ. बाकाम्होरं."

"पुढच्या साली मला कोण बोलीवतंय?"

"तू सारवलीस तर मी खेळणार. न्हायतर न्हाय." सेक्रेटरीसाहेब मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. आणि पुढच्या वर्षी नागव्वाच आली. त्यानंतर जितकी वर्षं ती आली, तितकी वर्षं माझ्या पुढ्यात चार बोटं रांगोळी असे.

बाकाला बाजू नसते, असं मी सुरुवातीला म्हणालो. त्या दिवशी मला होती. मी नागव्वाच्या बाजूचा होतो, आणि अजून आहे.

आता मैदान सिमेंटचं झालं. सारवण संपलं, रांगोळीही गेली. फरशीच्या तुकड्यासकट मला भिंतीकडे लोटलंय आणि एक फळी निखळलीय. दुरुस्त केलीत तर बरंच. नाही केलीत तरी बसा. फक्त मित्रांनो, बसताना पाय जरा जपून टेका. खाली आता रांगोळी नाही, हे मलाही माहीत आहे. तरी जपून टेका.