तुळईतले जीव

"पाय वाजवू नको," भरतेशनं हात वर केला, तसा गुंडा मिस्त्री चपला हातात घेऊन दारातच उभा राहिला.

भरतेशनं कान खांबाला लावला होता. वर हॉलच्या आरपार गेलेल्या मोठ्या तुळईच्या पोटात बारीक आवाज चालला होता. एखादा बोळका म्हातारा शिळी भाकरी चघळत बसावा, तसा. कुर्र... कुर्र... मधे जरा दम घेऊन पुन्हा कुर्र.

"ऐकू आलं का?"

"आवं साहेब, मला गेल्या म्हैन्यापास्नं येतंय. म्हणून तर मी एकटा आत येत न्हाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? लाकूड चावतंय म्हणून सांगू? लोकं मलाच मिरजेच्या येड्यांच्या दवाखान्यात न्यायची."

भरतेशनं खांबावर बोटानं टकटक केलं. आवाज थांबला. थोड्या वेळानं तुळईच्या दुसऱ्या टोकाला, जिथं कोणी हात लावला नव्हता, तिथून तो सुरू झाला. गुंडा दोन पावलं मागं सरकला आणि पावसात गेला.

भरतेश सांगलीचा इंजिनिअर. उभं आयुष्य सिमेंटात गेलेलं. पाण्याच्या टाक्या, बंगले, एखादं मंगल कार्यालय. नाव घ्यावं असं त्यातलं काही नाही आणि पडलंय असंही काही नाही. महापुरानंतर मात्र त्याच्या डोक्यात लाकूड शिरलं. कृष्णाकाठच्या भुसभुशीत मातीला जड स्लॅब नको. लाकूड हलकं, ते पाटणच्या बाजूला शेतात लावून वाढवता येतं, तोडलं की पुन्हा लावता येतं आणि सिमेंटच्या भट्टीइतका धूरही होत नाही. सिल्व्हर ओकच्या फळ्या एकावर एक चिकटवून केलेली तुळई लोखंडाला हार जात नाही, हे तो भेटेल त्याला सांगत सुटायचा. लोक हसायचे. "लाकडाचं घर म्हंजे वाळवीला जेवणाचं आवतन," म्हणायचे. शेवटी त्याच्या वडिलांच्या गावानं ऐकलं. एरवी वाचनालय आणि पाठशाळा, पूर आला की सगळ्या गावाला वर येऊन बसायला जागा, असा उंच खांबांवरचा हॉल उभा राहिला. जागा दिली चंदनबाला आत्यानं. आई लवकर गेल्यावर भरतेशला हातावर वाढवलं ते तिनंच.

आणि चूक झाली तीही दोघांची मिळून. आदल्या वर्षी फळ्या वाळून शेडमध्ये आल्या होत्या. किडा लागू नये म्हणून त्या बोरॅक्सच्या पाण्यात बुडवायच्या, हौद भरून तयार होता. नेमकं जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व लागलं. आत्या काठी टेकत शेडपर्यंत आली.

"भरत्या, ह्या दिवसांत जीव मारायचं काम नगं. पर्व झाल्यावर बुडीव."

भरतेश स्वतः त्या दिवसांत हिरवी भाजीसुद्धा खात नव्हता. त्याला ते लगेच पटलं. थोड्या दिवसांनी असं काय होणार आहे! पण भादव्याच्या त्या दमट हवेत उघड्या फळ्यांच्या बारीक छिद्रांत भुंगेऱ्यांनी अंडी घातली. पर्व संपल्यावर औषध वरवर बसलं, फळ्या एकमेकींना चिकटल्या आणि अंडी आत राहिली. पाहुण्यांना आत घेऊन दार लावावं तसंच झालं.

दुपारी समाजातल्या बायका हॉलात णमोकार मंत्राचा जप करायला जमल्या. भरतेश मागं उभा होता. तुळईत कुरकुर चालूच होती. बायकांनी आवाज लावला आणि ती एकदम बंद पडली. जप संपेपर्यंत वर शुकशुकाट. जप संपला आणि पुन्हा कुर्र.

"ऐकतंय बघ," आत्या समाधानानं म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरं हाय. तू कवा बसलास जपाला?"

"आत्या, आवाजानं लाकूड थरथरतं. आतल्या अळ्या भिऊन गप बसतात. दुसरं काय न्हाई."

"भिऊन गप बसतात व्हय?" आत्यानं वर पाहिलं. "मग आपुन तरी दुसरं काय करतो रं?"

भरतेशनं शिडी लावली आणि तुळईच्या टोकाला, जिथं सगळा भार खांबावर उतरतो तिथं, टोच्या टेकवला. पेढ्यात बोट जावं तसा तो आत गेला. पिठासारखा भुगा त्याच्या बाहीवर पडला. त्यानं घरी जाऊन हिशेब मांडला, पुसला, पुन्हा मांडला. तुळई हा पावसाळा काढेल याची खात्री देता येईना. पुढचा काढेल असं कुठल्याही हिशेबात बसेना.

तुळई बदलायची तर ऐन पावसात छप्पर उघडावं लागणार, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी रोज चढत होतं. विषारी वायू सोडायचा तर खाली पोरं बसायची. राहिला एकच मार्ग. तुळईभोवती ताडपत्रीचं आवरण करायचं आणि आत गरम हवा सोडून लाकूड गाभ्यापर्यंत तापवायचं. अंडी, अळी, भुंगेरा, काही म्हणून उरत नाही.

"आत्या, पूर आला तर सगळं गाव हितंच येणार. तू बी येणार. तुळई खाली आली तर?"

"मला सांगू नगंस. जीव मारायला मी तवाच नगं म्हणले व्हते."

"म्हणून तर हे झालं!"

"मी म्हणले. पर इंजिनेर तू हाईस की!" म्हातारीचा आवाज चिरकला. मग ती हळूच म्हणाली, "आसऱ्याला आल्यात रं ती. तुझ्या बारक्या फळ्यांत घर केलंय त्यांनी. भाजून काढनार व्हय?"

"व्हय," भरतेश म्हणाला. आपल्याच तोंडचा तो शब्द त्याला परक्या माणसाचा वाटला. आत्या उठली आणि दुसऱ्या दिवशी कडेगावला भाचीकडं निघून गेली.

गरम हवेची यंत्रं तासगावहून आली, बेदाणा वाळवायची. अजून त्यांना गोडसर वास होता. ताडपत्री बांधून झाली, लाकूड तडकू नये म्हणून आत पाण्याच्या बादल्या ठेवल्या. गुंडानं वायर जोडली आणि हात मागं घेतला.

"बटन तुमी दाबा, साहेब. मी माळकरी हाय."

भरतेशनं दाबलं. दुसऱ्याच्या हातून करून घ्यायचं त्याच्याही मनात नव्हतं.

सकाळ सरली. तापमापकाचा काटा चढत गेला, तसा वरचा आवाज वाढत गेला. एका जागचा तो सगळ्या तुळईभर झाला. शेकडो तोंडं एकाच वेळी बाहेरची वाट कुरतडत असावीत तसा. यंत्रांच्या घरघरीतूनही तो ऐकू यायचा. गुंडा केव्हाच खाली उतरून रस्त्यापलीकडं जाऊन बसला होता. भरतेश हलला नाही. दुपार कलली तशी एकेक जागा शांत होत गेली. शेवटी तुळईच्या मधोमध एकटाच आवाज उरला. तो फार वेळ चालला. भरतेशला एकदा वाटलं, उठावं आणि बटण बंद करावं. एकट्यानं काय तुळई पडणार आहे? तो उठला नाही. मग तोही थांबला.

त्यानंतर त्याला जेवण जाईना. भाकरीचा तुकडा दाताखाली आला की तोंड आपोआप थांबायचं.

तुळईच्या टोकांना त्यानं दोन्ही बाजूंनी नव्या जाड फळ्या बोल्टांनी आवळल्या. श्रावणाच्या शेवटी पाणी आलंच. गाव हॉलात राहिलं, लेकरांसकट. तुळई केसभरही वाकली नाही. लोकांनी भरतेशचं लय कौतुक केलं. ते ऐकताना त्याचं लक्ष सारखं वर जायचं.

दशलक्षण संपून क्षमावाणीचा दिवस आला. सकाळपासून गावात लोक एकमेकांच्या दारी जात होते, हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणत होते. समोरच्यानंही तसंच म्हणायचं, की वर्षाचं मन निवळलं. भरतेश सांगलीहून आला तो, आत्या कडेगावहून परतली असेल म्हणून, आधी तिच्या घरी गेला. दाराला कडी होती.

ती हॉलात सापडली. तुळईखालच्या खांबाला कान लावून, डोळे मिटून बसली होती.

"कवा आलीस, आत्या?"

"मगाशी." तिनं डोळे उघडले नाहीत. "काय बी ऐकू येईना रं, भरत्या."

भरतेश तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. हात जोडले.

"आत्या, उत्तम क्षमा."

म्हातारीनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले, जरा वेळ धरले आणि तसेच वर केले.

"मला न्हाई," ती म्हणाली. "मी बी मागायलाच आलीया."

मग ती त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठली. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले आणि तुळईकडं बघून, मोठ्या माणसांपुढं म्हणावं तसं, एका सुरात "उत्तम क्षमा" म्हणाले. म्हणून झाल्यावर रीतीप्रमाणं समोरून उत्तर येईपर्यंत हात खाली घ्यायचे नसतात. दोघांनी घेतले नाहीत.